हयात माणसाची पाणपोई

विश्रामबागेच्या कोपऱ्यावर माठवाले येऊन बसले की माझा उन्हाळा सुरू होतो. कॅलेंडरात तो कधीचाच लागलेला असतो, पण मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. रस्त्याकडेला वाळक्या गवतावर तांबडे-काळे माठ मांडलेले आणि मागे कडुलिंबाच्या सावलीत डोक्याला पंचा गुंडाळून बसलेला माणूस, हे दिसल्यावरच मी लोकरीचे कपडे कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवते.

परवा तिथे थांबले. बोटाच्या पेराने एकेक रांजण वाजवून पाहिला. नीट भाजलेला असला की खणखणीत वाजतो. माठवाला म्हणाला, “आजी, घरात माणसं किती? एवढा मोठा रांजण काय करताय?”

“घरासाठी नाही. आमच्या खानावळीपुढे पाणपोई आहे. जुना पाझरायचा बंद झालाय.”

“असं व्हय. कुणाच्या नावानं घातलीया?”

त्याने सहज विचारलं. मला मात्र रस्त्यातच हसू फुटलं. ईशान, रेवा, दिवाळीत तुम्ही आलात तेव्हा तुम्हीही हेच विचारलं होतंत. आत थंड पाण्याचं यंत्र असताना दारात मातीचा रांजण कशाला? आणि आबा गल्ल्यावर बसलेले असताना रांजणावर त्यांचा फोटो कशाला? तेव्हा घरात चकल्या तळणं चाललं होतं. मी म्हटलं होतं, लिहून पाठवीन. मी ठरवलेलं काम राहून जात नाही, हे तुमच्या बाबाला विचारा.

सांगलीत हा काळ हळदीचा. मार्केट यार्डात नव्या हळदीची पोती उतरतात आणि महिना-दोन महिने सगळा परिसर पिवळा होतो. हमालांच्या पापण्या पिवळ्या, बैलांची शिंगं पिवळी, आणि आमच्या खानावळीच्या बाकांवर टेकलेल्या हातांचे ठसे पिवळे. मी लग्न होऊन साताऱ्याहून इथे आले तेव्हा मला तो वास उग्र वाटायचा. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, पुढे शाळेत शिकवणारी. मला टेबलं पुसलेली आणि पेले उलटे एका रांगेत लागत. तुमचे आबा म्हणायचे, “अगं, हळद लागलेला पेला अशुभ थोडाच असतो?” ते माझ्या शिस्तीला हसायचे आणि गुपचूप पेले सरळ करून ठेवायचे.

खानावळीच्या पाटीवर मोठं नाव होतं, पण ते कोणी घेत नसे. सगळे म्हणायचे, आबाची खानावळ. सकाळी अकरापासून भाकरी, आमटी, एक पालेभाजी, ठेचा आणि ताक. हळदीचे व्यापारी आण्णा जैन. ते सूर्य मावळायच्या आत जेवायचे, म्हणून त्यांचं ताट साडेपाचला, कांदा-लसूण न घातलेल्या वेगळ्या पातेल्यातलं. वडूजचे तात्या दर बुधवारी टेम्पोतून ज्वारी-घेवडा घेऊन यायचे. त्यांच्याबरोबर कधी माण तालुक्यातले मेंढपाळ असायचे. कोणी बसायच्या आधी त्याच्यापुढे गुळाचा खडा आणि पाणी. ही आबांच्या आईची रीत. उन्हातून आलेल्याला नुसतं पाणी द्यायचं नाही, ते बाधतं. गूळ खायचा, मग पाणी प्यायचं, मग बोलायचं.

पुराचं पाणी दोनदा आत येऊन गेलं, त्यानंतर मागची भिंत पोटुशी दिसायला लागली. इंजिनिअरने तिच्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “हिच्याखाली माणसं जेवायला बसवू नका.” म्हणून त्या वर्षी माघात खानावळ बंद केली आणि पाडायला घेतली.

आबांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि ते घरी खुर्चीत जाऊन बसले. बसले ते बसलेच. सकाळी पेपर, दुपारी तोच पेपर. “तिकडे एक चक्कर मारू या,” म्हटलं की म्हणायचे, “काय बघायचंय? खड्डा?”

त्यात तुमच्या बाबाचा फोन. त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. तो म्हणाला, “आई, वर्षभर बंद राहिल्यावर गिऱ्हाईक कुठे राहतं? यार्डाभोवती चार नवी हॉटेलं झालीत. तळमजल्यावर तीन गाळे काढ. मोबाइलचं दुकान घ्यायला एक जण आत्ता तयार आहे. आबांना आराम मिळेल.”

इंजिनिअरला उत्तर अक्षय्य तृतीयेच्या आत हवं होतं. खानावळ करायची तर धुराडं, मोरी आणि चुलीचा ओटा भिंती उठायच्या आधी नकाशात धरावा लागणार होता. नंतर फोडाफोड करून ते जमणारं नव्हतं. आबांना विचारलं, तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “पोरगा म्हणतो तसं करा.”

मला आबांचा आवाज ओळखता येतो. तो होकार नव्हता. दार ओढून घेतल्याचा आवाज होता तो.

मी ठरवलं की अक्षय्य तृतीया तोंडावर आल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. तोवर गिऱ्हाईक टिकतं की नाही ते मी बघणार होते. गिऱ्हाईक भांडून जात नाही, हे मी इतकी वर्षं पाहिलं होतं. एक दिवस दार बंद दिसतं, पाय पलीकडे वळतात, आणि महिन्याभराने त्या पायांना पलीकडचाच रस्ता आपला वाटायला लागतो. मला ते पाय रोज अकरा वाजता आमच्या दारापर्यंत आणायचे होते. दार नव्हतं, ही एक अडचण होती.

आधी मी शिकलेल्या बाईने करावं तेच केलं. सुंदर अक्षरात पाटी लिहिली: “बांधकामामुळे खानावळ तात्पुरती बंद आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.” पत्र्याच्या कुंपणावर लावली आणि बाजूला उभी राहिले. दोन हमाल आले.

“काय लिवलंय रं?”

“खानावळ बंद हाय म्हणं.”

“ते तर दिसतंयच की, गड्या. भित न्हाई, छप्पर न्हाई, उघडी कशी असंल?”

तुमच्या बाबाने सुचवलं म्हणून फोनवर गिऱ्हाइकांचा गटही करून पाहिला. मी रोज बांधकामाचा फोटो टाकायची. उत्तरादाखल मला रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार यायचे. अर्ध्या लोकांचे फोन तर साधे, बटणांचे. आण्णांचा फोन त्यांचा नातू वापरायचा. मला बरेच दिवस वाटत होतं, आण्णांना क्रिकेटची फारच आवड आहे.

मग गुढीपाडव्याला मी रांजण मांडला.

कुंपणापुढे लिंबाखाली वाळूचा गोल, त्यावर रांजण, त्याला ओलं लाल फडकं. आत वाळ्याची जुडी. लांब दांड्याचं ओगराळं, बारा पेले, आणि झाकणाच्या डब्यात गुळाचे खडे. आमची स्वयंपाकीण सुमन हिने दुसरीकडे पोळ्यांचं काम धरलं होतं, पण रोज सकाळी येऊन ती रांजण घासून भरून जायची. अकरा ते दोन, म्हणजे बरोबर आमच्या जेवणाच्या वेळेला, मी खुर्ची टाकून तिथे बसायची. लोक पाटी वाचत नाहीत, माणूस ओळखतात, हे मला कळून चुकलं होतं. म्हणून रांजणाच्या वर कुंपणाला आबांचा मोठा फोटो लावला. ते स्वतः यायला तयार नव्हते, निदान फोटो तरी. पलीकडच्या फुलवालीने पाडव्याला सगळ्या दुकानांच्या चौकटींना, गाड्यांना हार घातले, तसा एक आबांच्या फोटोलाही घातला. मला बरं वाटलं. हार वाळला तसा तिने दुसरा घातला.

आता तुम्ही परदेशात वाढलेली मुलं. तुम्हाला यात काही वावगं दिसणार नाही. मला इथे राहून दिसलं नाही, तर तुमची काय कथा!

लोक येऊ लागले. ओळखीचे चेहरे, पिवळे हात. पाणी प्यायचे, फोटोकडे बघायचे, हात जोडायचे आणि खालच्या मानेने निघून जायचे. गूळ मात्र कोणी घेत नव्हतं. डबा पुढे केला की म्हणायचे, “नको बाई, आज नको.” आण्णा एकदा आले, टोपी काढून दोन मिनिटं उभे राहिले, म्हणाले, “लय मोठ्या मनाचा माणूस.” मी म्हटलं, “हो, पहिल्यापासूनच.” त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं.

मी त्या दिवशी वहीत लिहिलं: “लोकांच्या मनात खानावळीबद्दल फार आदर आहे. गुळाची आवड कमी झालेली दिसते. साखर ठेवून पाहावी का?” ती वही अजून माझ्याकडे आहे.

अक्षय्य तृतीया चार-पाच दिवसांवर आलेली. बुधवार होता. ऊन असं, की रांजणावरचं फडकं अर्ध्या तासात सुकायचं. वडूजच्या तात्यांचा टेम्पो येऊन थांबला. गेले दोन महिने ते माल घेऊन कराडला जात होते, त्यामुळे आमची गाठ नव्हती. मी आनंदाने उठले. तर टेम्पोच्या मागून सात-आठ माणसं उतरली, पुरुषांच्या डोक्याला पांढऱ्या टोप्या, बायकांचे पदर कपाळापर्यंत ओढलेले. तात्यांच्या पत्नी हिराबाई सगळ्यांच्या पुढे. त्या सरळ माझ्या गळ्यात पडल्या आणि त्यांनी हंबरडाच फोडला.

“आवं वयनी, ह्ये काय झालं वो! कवा झालं? आमाला कळवाया नगं का?”

मला वाटलं, त्या भिंतीबद्दल बोलताहेत. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत म्हटलं, “अहो, कधीतरी पडायचीच होती. जुनी झाली होती.”

हिराबाईंचं रडणं एकदम थांबलं. त्यांनी मला हातभर लांब धरलं. माझं कपाळ बघितलं, गळा बघितला, हातातल्या बांगड्या बघितल्या.

“वयनी, ह्ये कुकू?”

“रोजचंच आहे.”

“मंग आबा गेलं न्हवं?”

“कुठे गेले? घरी आहेत. पेपर वाचताहेत.”

हिराबाईंनी पदराने डोळे पुसले. मग सगळ्यांनी एकदम फोटोकडे पाहिलं. मीही पाहिलं. बंद खानावळ, पुढे पाणपोई, वर फोटो, फोटोला हार. आपल्याकडे पाणपोई कोण घालतं आणि कुणाच्या आठवणीत, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. साताऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच एक होती, त्यावर नाव कोरलेलं होतं. तरी मी माझ्या हाताने माझ्या धडधाकट नवऱ्याची पाणपोई घातली होती, आणि यार्डातलं निम्मं गाव महिनाभर त्याला हात जोडून जात होतं. शिकलेल्या बाईला कुंकवाबद्दल विचारायचा धीर कोणाला झाला नसावा.

तात्या टोपी काढून कपाळ पुसत म्हणाले, “बाई, आमाला त्या घेवड्याच्या गाडीवाल्यानं सांगितलं. म्हणला, आबाच्या हाटेलाला टाळं हाय, आन् पाणपोई घातलीया, फोटू लावून. म्या आणि काय इचारू?”

“चला,” हिराबाई म्हणाल्या, “दावा आमाला आबा. डोळ्यानं बघितल्याबिगर मी पाण्याला शिवायची न्हाई.”

टेम्पोतून विश्रामबागेला आमच्या घरी आलो. मी तात्यांच्या शेजारी पुढे बसले होते. मागे माणातला एक म्हातारा मेंढपाळ दुसऱ्याला सांगत होता, “आरं, मी तर सोमवारी उपासबी धरला की.” आबांनी दार उघडलं. अंगात बनियन, हातात पेपर, चष्मा कपाळावर.

तात्या म्हणाले, “आबा! आवं, तुमी जित्तं हाय?”

आबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या पांढऱ्या टोप्यांकडे. म्हणाले, “सकाळपर्यंत तरी व्हतो. का रं, काय बातमी हाय?”

मग हसणं सुरू झालं ते थांबेना. जिना चढून शेजारचे लोक आले. हिराबाई हसत हसत पुन्हा रडल्या. आणि त्या सगळ्या गोंधळात तात्यांनी टेम्पोतून बांबूची एक मोठी पाटी आणून खोलीच्या मधोमध ठेवली. वर पांढरं फडकं. फडकं काढलं तर ज्वारीच्या भाकऱ्यांची चवड आणि डब्यात पिठलं.

ईशान, रेवा, हे नीट वाच. एखाद्या घरात माणूस गेलं की त्या घरी चूल पेटवत नाहीत. सोयरेधायरे आपल्या घरून भाकरी करून आणतात आणि त्या घरच्यांना बसवून खाऊ घालतात. त्याला कडू घास म्हणतात. तो कोणीही आणत नाही. ज्याचं नातं आहे त्यानेच आणायचा.

आबांनी पाटीकडे पाहिलं. त्यांचं हसू ओसरलं. म्हणाले, “तात्या, कडू घास सोयऱ्यानं आणायचा असतोय.”

“मंग आमी कोण?” तात्या म्हणाले. “माझा बा तुमच्या बाच्या पंगतीला जेवला. मी तुमच्या. पोरगं मोटार शिकलं तवापास्नं तुमच्याच बाकावर बसतंय. आमी न्हाई आणायचा तर कोण आणंल?”

आबांनी पेपर बाजूला ठेवला. खाली मांडी घालून बसले. इतकी वर्षं या माणसांना वाढणारा माणूस बसला आणि हिराबाईंनी त्यांच्यापुढे ताट केलं. त्यांनी भाकरी मोडली, पिठल्याला लावली, घास खाल्ला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आबा सावकाश चावत राहिले. मग म्हणाले, “हिराबाई, मीठ कमी पडलंय.”

“रडत रडत केलंया,” हिराबाई म्हणाल्या. “मीठ कोण बघतंय?”

आबांनी ताट संपवलं. हात धुतले. आणि पंचाला हात पुसता पुसता मला विचारलं, “त्या इंजिनिअरच्या नकाशात चुलीचा ओटा कुठल्या बाजूला धरलाय?”

मी म्हटलं, “अजून धरलेला नाही.”

“पूर्वेला धर म्हणावं. वारा पश्चिमेकडून येतो, धूर बाहेरच जाईल. आणि सदरा दे माझा.”

पाहुणे निघाले तेव्हा मी गुळाचा डबा पुढे केला. आता तरी घ्या म्हटलं. हिराबाईंनी हात मागे घेतला. “न्हाई वयनी. कडू घास घिऊन आलेल्यानं गोड खाऊन जायाचं नसतं. ऱ्हाऊ द्या. हाटेल उघडंल तवा घिऊ.”

रात्रीची वाट न पाहता मी तुमच्या बाबाला फोन लावला. तिकडे पहाट होती. त्याने सगळं ऐकून घेतलं, आणि तोही माझाच मुलगा, म्हणाला, “आई, पण ही माणसं सांत्वनाला आली होती. जेवायला येतील का?”

मी म्हटलं, “जी माणसं आपलं जेवण घेऊन साठ-सत्तर मैल येतात, ती आपल्याकडे जेवायलाही येतील. आणि नाही आली तर मी घरोघरी जाऊन बोलावीन. ओटा पूर्वेला धरतेय.”

 मग तो म्हणाला, “धुराडं उंच घ्यायला सांग.”

दुसऱ्या दिवसापासून आबा रांजणाशेजारी बसू लागले. मला फोटो काढून टाकायचा होता. ते म्हणाले, “राहू दे. लोकांना दोन्ही बघू दे, खात्री पटेल.” हार मात्र मी काढला. त्यानंतरचे आठ दिवस अकरा वाजता जी गर्दी व्हायची, तेवढी खानावळ चालू असतानाही होत नसे. मेलेला माणूस जिवंत झाला म्हणून लांबून लोक बघायला येत. कोणी आबांना चिमटा काढून बघे. आण्णा आले, बराच वेळ नुसते हसत राहिले, मग म्हणाले, “मी तुमच्याबद्दल जे चांगलं बोललो ते परत घेतो.” आबा ओगराळ्याने पाणी ओतायचे, गूळ द्यायचे आणि प्रत्येकाला ओटा कुठे येणार, बाक किती, ताक कुठे ठेवायचं, हे काठीने मातीत रेघा ओढून दाखवायचे. मग लोक सांगायचे, “हितं मोरी नगं आबा, पाय घसरत्यात.” दोन सूचना मी इंजिनिअरकडून नकाशात घालून घेतल्या.

पावसाळ्यात कोणाला रांजणाचं पाणी नको असतं. आम्ही बसत राहिलो. पत्र्याखाली दोन खुर्च्या, मध्ये रांजण, आणि पाण्याऐवजी आता किटलीत चहा. थंडीत बसलो. सुगीत बसलो. एखाद्या दिवशी दोनच माणसं यायची. मी त्यांची नावं वहीत लिहायची, आणि जो आठवडाभर दिसला नाही त्याचा निरोप दुसऱ्याबरोबर पाठवायची. आबा आता माझ्या शिस्तीला हसत नव्हते. पेले तेच उलटे करून रांगेत ठेवायचे.

पुढच्या पाडव्याला चूल पेटली. पुन्हा हळदीचेच दिवस, तोच पिवळा वारा. सुमनने पहिली भाकरी थापली तेव्हा मी खिडकीपाशी उभी होते. खरं सांगते, मला भीती वाटत होती. ओटा पूर्वेला होता, धुराडं उंच होतं, बाकं पुसलेली होती, आणि अकराला पाच मिनिटं कमी असताना रस्त्यावर कोणी नव्हतं. आबा गल्ल्यावर बसून एकच फडकं पुन्हा पुन्हा घडी घालत होते.

मग टेम्पोचा आवाज आला. मागे आणखी एका गाडीचा. हमाल आले, आण्णा साडेपाचची वाट न बघता आले, माणातला तो उपास धरलेला म्हातारा आला. सगळ्यांच्या पुढे हिराबाई. त्या पायरीशी आल्या आणि थांबल्या. आत आल्या नाहीत. रांजणाशेजारी उभं राहून त्यांनी उजवा तळहात माझ्यापुढे धरला.

“वयनी, तवाचा ऱ्हायलेला गूळ द्या आदी.”

मी डबा उघडला. त्यांनी खडा तोंडात टाकला, पाणी प्यायल्या, आणि मग पदर खोचून उंबरा ओलांडला. त्यांच्यामागून आलेल्या प्रत्येकाने तसंच केलं. कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून रांजण तिथेच आहे, फोटोही. परवा माठवाल्याने विचारलं, कुणाच्या नावानं, तेव्हा मी म्हटलं, “आमच्या मालकांच्या. या एकदा, तेच पाणी देतील.” नवा रांजण काल आबांनी स्वतः जाऊन वाजवून घेतला. सध्या तो वाळूत बसून मुरतो आहे.

सुट्टीत याल तेव्हा विमानतळावरून थेट खानावळीत या. यंत्राकडे धावू नका. दारात उभे राहा, हात पुढे करा, आणि आबांकडे आधी गूळ मागा.